मदत हवी आहे : तालुक्याचे एकपडदा चित्रपटगृह दुरुस्त करावे की बंदच ठेवावे?

नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझ्या वडिलांचे चित्रपटगृह आहे. मार्च २०२० मध्ये ते बंद झाले आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील चित्रपटगृहे पुन्हा उघडली तेव्हाही आम्ही ते उघडू शकलो नाही. तिकीट खिडकीची लाकडी कड हजारो मनगटे घासून गुळगुळीत झालेली आहे; तिच्यावरून हात फिरवला की ते विकून टाकण्याचा विचार मनात टिकत नाही.

चित्रपट व्यवसाय ओसरत चालला आहे, असे सगळेच सांगतात. मला मात्र ते पूर्णपणे पटत नाही, कारण २०१६ साली ‘सैराट’ लागला तेव्हा आसपासच्या खेड्यांतून माणसे ट्रॅक्टर भरभरून आली होती. खरी अडचण वर्षभराच्या प्रेक्षकांची आहे. आमचा निम्मा प्रेक्षक दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातो आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. शिवाय जो मागे राहतो, त्याच्या हातातल्या मोबाइलवर तोच चित्रपट दोन महिन्यांत येतो.

शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, एवढाच काय तो आधार. लातूर, नांदेड, परभणीकडे एकपडदा चित्रपटगृह चालवणाऱ्यांनी कृपया सांगावे : डिजिटल प्रोजेक्टर भाड्याने घेणे परवडते का, वितरक किती हिस्सा मागतात आणि खुर्च्या कमी करून पडदा लहान केल्यास निभाव लागतो का? वडिलांचे वय झाले असल्याने दिवाळीपूर्वी निर्णय घ्यायचा आहे.