मदत हवी आहे: पेट्रोकेमिकल प्रकल्पावर हवेच्या आकड्यांची हरकत कशी लिहावी?
मुंबईच्या माहुल-चेंबूर पट्ट्यात असा प्रकल्प हवा की नको, यावर दोन तट आहेत. रोजगाराचा वाद बाजूला; प्रश्न हवेचा. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या (ईआयए) २००६च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी लागते, तेवढ्यात लेखी हरकत तयार हवी. (तोंडी बोलणं टाळ्यांपुरतं.)

ईआयए अहवालासाठी हवेची मोजणी मार्च ते मे केली, तर खारा वारा धूर पांगवतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वारा पडतो, वास जमिनीलगत साचतो. बेंझीनची (पेट्रोलियममधली कर्करोगकारक वाफ) हवेतली मर्यादा वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. एका मोसमाच्या नमुन्यांवरून ती कशी ठरवणार?

हिवाळी मोजणी मागणाऱ्या हरकतीचा नमुना कुणाकडे आहे का? टाक्यांच्या सीलमधून उडणाऱ्या वाफेचा हिशेब अहवालात कुठे शोधायचा? बेंझीन तपासणारी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची प्रयोगशाळाही सुचवा.