माळ जिवंत करायची 10 साधनं म्हणे! आधी तो मेलाय का ते तरी बघा

माळकरी :
परवा इथे "गावची पडीक जमीन पुन्हा जिवंत करा, 10 उपयोगी साधनं" अशी पोस्ट आली. उपग्रह नकाशावर पडीक जमीन शोधा, सरकारी पडीक जमिनींच्या अ‍ॅटलासशी ताडून बघा, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या निसर्गाधारित उपायांच्या मानकाची एक्सेल भरा, हेक्टरी 1111 झाडं धरून नर्सरीचा हिशोब करा, आणि सहाव्या नंबरला "स्थानिकांशी चर्चा करा". सहाव्या! म्हणजे रोपांची ऑर्डर गेल्यावर गावाला विचारायचं, चालेल ना?

दोन दिवस गप्प बसलो पण राहवेना. अ‍ॅटलास ज्याला पडीक म्हणतो त्यातला आमच्या पुरंदर-बारामतीकडचा कितीतरी भाग गवताळ माळ आहे. पाऊस जेमतेम, मुरूम वीतभर, खाली कातळ. इथे दाट जंगल होतं आणि आपण ते तोडलं हे कोणी सांगितलं? पवना, मारवेल, कुसळी असली गवतं, त्यात लांडगा, खोकड, चिंकारा, उघड्या जमिनीवर अंडी घालणारा धाविक पक्षी. मे महिन्यात फोटो काढला की सगळं पिवळंच दिसणार, ऑगस्टात या की एकदा.

आमच्या गायरानात 8 वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सीएसआरमधून जेसीबीने खड्डे घेतले, वड पिंपळ कडुलिंब लावले, पहिल्या उन्हाळ्यात टँकर आला, दुसऱ्या उन्हाळ्यात नाही आला. आता तिथे खड्डे आहेत, गाजरगवत आहे आणि बोर्ड आहे. जगला तो बोर्ड.

पहिलं साधन म्हणजे शिवारफेरी, तीपण सरपंच-ग्रामसेवकाला घेऊन नाही, गुराख्याला घेऊन. कुठलं गवत कधीपासून दिसत नाही, कुठल्या ओढ्याला दिवाळीपर्यंत पाणी असायचं, हे त्याला विचारा. मग गाव नकाशा आणि टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा, काढा. एक्सेल नंतर.

नकाशेवाला :
ती यादी माझी. धन्यवाद, निदान वाचलीत तरी, सहाव्या नंबरपर्यंत. मानक मात्र उघडून बघितलेलं दिसत नाही. 2020 साली आलं ते, 8 निकष आहेत आणि 28 निर्देशक. तिसरा निकष जैवविविधतेचा, पाचवा लोकांच्या सहभागाचा. तुम्ही जे तावातावाने सांगताय ते त्यात लिहिलेलंच आहे. आणि गुराख्याच्या आठवणीवर कुठला फंड मिळतो सांगा बरं? मी 3 गावांचे प्रस्ताव लिहिलेत, प्रत्येक वेळी पहिला प्रश्न एकच, नकाशा कुठाय.

माळकरी :
लिहिलेलं आहे हो. आमच्या बोर्डावरपण "जैवविविधता उद्यान" असं लिहिलंय.

ओढ्याकाठी :
तुम्ही दोघं झाडांवरून भांडताय, पाण्याचं काय? माथा ते पायथा, म्हणजे आधी वर पाणी अडवायचं आणि मग खाली यायचं, हे शब्द कोणाच्याच यादीत नाहीत. आमच्याकडे माथ्यावर एक चर नाही आणि खाली ओढ्यात थेट पोकलेन घातला. खोलीकरण म्हणत मुरूम फोडून कातळापर्यंत खणलं, आता आजूबाजूच्या विहिरींचं पाणी पाझरून ओढ्यात उतरतं आणि वाहून जातं. साधनच पाहिजे तर बांबूची ए-फ्रेम करा, तीन बांबू, दोरी आणि लटकवायला एक दगड. समपातळी रेषा आखून 2 फूट रुंद 1 फूट खोल सलग समतल चर काढा, फुकटात होतं.

गिरिपुष्पग्रस्त :
झाडांचा विषय निघालाच आहे तर 33 कोटी वृक्षलागवड आठवा, 2019 ची. आमच्या टेकडीवर त्याच्याही आधीपासून गिरिपुष्प आहे, ज्याला आपले लोक उंदीरमारी म्हणतात. लावलं की जगतं म्हणून लावतात, टक्केवारी चांगली दिसते ना! पाला हिरवळीच्या खताला चांगला हे मान्य, पण खाली गवत वाढत नाही आणि उन्हाळ्यात टेकडी नुसत्या काड्यांची.

आदर्शगाव :
झाडं जगत नाहीत कारण चराई. हिवरे बाजारला काय केलं? चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. नंतर शेतीला बोअर बंद, ऊस बंद, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर, एवढं गणित आलं की 10 साधनांची गरजच नाही. मेंढरं मोकाट सोडली तर देव आला तरी डोंगर हिरवा होणार नाही.

घोंगडं :
आलं का शेवटी मेंढरांवर. मी मेंढपाळाचा पोरगा, फलटणकडचा. दिवाळीनंतर आमचे वाडे, म्हणजे कळप आणि बिऱ्हाडं, कोकणात उतरायचे, वाटेत शेतकरी स्वतःहून बोलवायचा, रात्री आमच्या रानात मेंढ्या बसवा, आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे द्यायचा. मोकाट नाही फिरत कोणी, कुठल्या माळावर किती दिवस थांबायचं हे आजा ठरवायचा. आता जिथे थांबायचो तिथे तारेचं कुंपण आणि आत तुमची उंदीरमारी. आईला दंडाची पावती फाडलीये त्या कुंपणाशी. पर्यावरण वाचलं का मग?

आदर्शगाव :
भावनिक होऊ नका. बंदी कायमची नसते, गवत उभं राहिलं की कापून न्यायची मुभा असतेच.

घोंगडं :
कापून. 200 मेंढरांना विळ्याने कापून घालू का मी? तुम्ही एक आठवडा करून दाखवा, मी तुमच्या गावात शिपाई म्हणून राहतो. आणि ज्याच्या दोन म्हशी न् गोठा त्याला कापून न्यायची मुभा, ज्याला जमीनच नाही त्याला पावती, ह्याला गावाचा निर्णय म्हणायचं? त्या ग्रामसभेला आम्ही कोकणात होतो.

आदर्शगाव :
ठीकाय. ग्रामसभा मेंढपाळ गावात असताना घ्यायला हवी, एवढं मान्य. पण सगळं रान वर्षभर खुलं ठेवा म्हणत असाल तर नाही.

घोंगडं :
वर्षभर म्हणलं कोणी? आळीपाळीने बंद ठेवा म्हणतोय, आजा तेच करायचा. त्याला एक्सेल येत नव्हतं.

माळकरी :
@ओढ्याकाठी, चरांचं पण तेच. उघड्या पडलेल्या उतारावर काढा, उभ्या गवताच्या माळावर फूटभर खोल रेघोट्या मारून मुळं उपटू नका. गवताची मुळंच पाणी धरतात तिथे.

नकाशेवाला :
बरं. यादी बदलली. 6 नंबर आता 1 नंबर, "पडीक" शब्द काढून "गवताळ माळ आहे का ते पावसाळ्यात जाऊन बघा" असं टाकलं, 1111 चा आकडा फक्त जिथे जंगल होतं तिथल्यासाठी ठेवला. गुराखीपण टाकलाय, खूश? फंडाच्या फॉर्ममध्ये "गुराखी" कुठल्या रकान्यात भरायचा तेवढं माळकरींनी सांगावं.

माळकरी :
सल्लागाराच्या. आणि त्याची रोजची फी पण टाका, तुम्ही स्वतःची टाकता ना तेवढीच.

ओढ्याकाठी :
झाडं-मेंढरं झाली असतील तर पोकलेनवर कोणी बोलणार का, का मी वेगळा धागा काढू