टायगर ब्रेडला वरून भेगा पडत नाहीत, काय चुकतंय?

झाडीपट्टीची लेक:
नमस्कार. मी लाखनीजवळच्या गावात राहते. महिनाभरापासून टायगर ब्रेड करून राहिली आहे. मूळचा हॉलंडकडचा, वरून वाघाच्या पट्ट्यांसारखा भेगाळलेला, कुरकुरीत पाव. लेपासाठी वाटीभर तांदळाचं पीठ, २ चमचे यीस्ट, साखर, तेल, चिमूटभर मीठ आणि कोमट पाणी घेते. पाव खायला बरा लागतो, पण वरचा लेप पापडासारखा सपाट आणि पांढुरका राहतो. पीठ घरच्या धानाचं, आयत्यांसाठी (तांदळाच्या धिरड्यांसाठी) दळलेलं. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) २०० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू. पुढच्या रविवारी भाचीचा वाढदिवस आहे, तिला हाच पाव हवा आहे. काही सुचवा.

पवनीवाला:
ताई, पीठ कोणत्या चाळणीनं चाळता? चक्कीवरचं पीठ रवाळ राहते. मैद्याच्या चाळणीनं दोनदा चाळा. आणि तांदूळ धुऊन दळला असंल तर पीठ सावलीत चांगलं वाळवून घ्या, नाहीतर पाण्याचा अंदाज चुकते.

धानवाली काकू:
पीठ चाळून घेच, पण मला वाटतं खरी गडबड लेपात नाही, खालच्या कणकेत आहे. भेगा पडतात कशानं? तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं, म्हणून लेप ताणला जात नाही. ओव्हनमध्ये पाव फुगतो, वरचा लेप तोवर सुकायला लागलेला असतो, आणि तो तडकतो. म्हणजे ओव्हनमध्ये गेल्यावर पाव फुगलाच पाहिजे. तुझा पाव आधीच पूर्ण फुगून बसत असेल तर लेपाला तडकवणार कोण?

आता एप्रिल आहे. पुस्तकात दुसऱ्यांदा तासभर फुगू द्या असं लिहिलेलं असतं, ते थंड मुलखाचं माप. आपल्याकडे दुपारी स्वयंपाकघरात ४० अंश असताना अर्ध्या तासातच काम होऊन जातं. घड्याळ सोड, बोट बघ. पिठात बुडवलेलं बोट कणकेत हलकं दाब. खळगा हळूहळू अर्धा भरून आला की लगेच लेप लावून ओव्हनमध्ये घाल. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला समज. कणीक माठाच्या पाण्यात मळ, यीस्ट थोडं कमी घे आणि पहाटे कर.

लेप इडलीच्या पिठाहून घट्ट हवा, चमच्यातून सावकाश पडणारा. १५-२० मिनिटं झाकून ठेव, फसफसला की जाड थर दे. मी पातळ लावून खूप पाव वाया घालवले. साखर नीट घातली तर रंग येतो. तेल तिळाचं घे, तिकडेही तेच घालतात, वास फार छान येतो.

झाडीपट्टीची लेक:
काकू, बरोबर! मी दीड तास ठेवत होते. आणखी एक, आमच्याकडे संध्याकाळी लाइट जाते. ओटीजीशिवाय होईल का?

पवनीवाला:
पानगे (निखाऱ्यावरचे कणकेचे जाड रोडगे) भाजतो तशी सोय करा. जाड लोखंडी भांडं आधी तापवा, आत जाळी ठेवा, झाकणावर गोवऱ्यांचे निखारे. वरून आच नसली तर लेप पांढराच राहते, साध्या कढईत म्हणूनच जमत नाही. मोठ्या पावाऐवजी लहान बन करा, आतून कच्चे राहत नाहीत.

झाडीपट्टीची लेक:
आज पहाटे पाचला मळलं. पाणी माठाचं, दुसऱ्यांदा फुगायला २५ मिनिटं पुरली. दहाव्या मिनिटाला काचेतून पहिली भेग दिसली, मग सगळीकडे पसरल्या! रंग सोनेरी. एका बनवर लेप कडेपर्यंत लावला नव्हता, तिथे मात्र गुळगुळीतच राहिला. काकू, भाचीसाठी आदल्या रात्री करून ठेवला तर कुरकुरीत राहील का?

धानवाली काकू:
नाही गं, रात्रभरात मऊ पडतो. डब्यात तर मुळीच बंद करू नको, कापडात गुंडाळ आणि सकाळी पाच मिनिटं ओटीजीत गरम कर. जमलं तर त्याच दिवशी पहाटे कर.