ग्रँट, जे. जे., जीटी, कामा: हा ‘समूह’ नक्की कोणाचा आणि चालतो कसा?

घाटकोपरचा_मामा

भाचीला नीटमध्ये बरे मार्क पडलेत, त्यामुळे आमच्याकडे सध्या जेवणाच्या ताटावरही पसंतीक्रमच चालू आहे. यादीत ‘ग्रँट गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज, मुंबई’ दिसतं आणि नुसतं ‘गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज, मुंबई’ असंही एक वेगळं दिसतं. दुसऱ्यापुढे जीटी आणि कामाचं नाव. पण जीटी आणि कामा तर जे. जे. समूहातली ना? मग दोन कॉलेजं कशी?

माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या लेखी जे. जे., केईएम, नायर, सायन सगळी एकच, ‘सरकारी’. मेहुणे म्हणतात केईएम मुन्शिपाल्टीचं आणि जे. जे. मंत्रालयाचं, आणि त्याने फार फरक पडतो. काय फरक पडतो म्हटलं की गप्प. आतून बघितलेलं कोणी असेल तर सांगा. इतिहास सांगितलात तरी चालेल, भाचीला त्याची आवड आहे.

परळचा_रात्रपाळीवाला

मेहुणे बरोबर. केईएम, सायन, नायर आणि कूपर ही महापालिकेची. जे. जे. समूह राज्य सरकारच्या वैद्यकीय शिक्षण विभागाचा. मी केईएममध्ये रेसिडेन्सी केली, म्हणून तिथलं तेवढं सांगतो.

राजा सातव्या एडवर्डचं नाव बघून लोकांना ते इंग्रजांचं वाटतं, पण गोष्ट उलटी आहे. त्या काळी जे. जे.त प्राध्यापकाच्या खुर्च्या बहुतेक आयएमएसच्या, म्हणजे इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, गोऱ्या अधिकाऱ्यांकडे होत्या. आपला माणूस कितीही हुशार असला तरी हाताखालीच. म्हणून शेठ गोवर्धनदास सुंदरदासांच्या विश्वस्तांनी कॉलेजसाठी पैसे देताना अट घातली, की शिकवणारे सगळे भारतीय हवेत आणि तेही सरकारी नोकरीतले नकोत. 1925 ला कॉलेज आणि 1926 ला हॉस्पिटल सुरू झालं. पहिले डीन जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणजे जे. जे. आणि केईएमची खुन्नस नुसती क्रिकेटच्या मॅचपुरती नाही, जन्मापासूनची आहे.

निवृत्त_सिस्टर

मामा, तुमच्या वडिलांचं निम्मं बरोबर आहे. केसपेपरच्या रांगेत उभं राहणाऱ्याला सगळी सरकारीच. पण आत काम करणाऱ्याला मालक कोण ते पहिल्या पगारालाच कळतं. मी जे. जे.तच नर्सिंग केलं, 1980 च्या सुमारास तिथेच लागले, मग कामा, मध्ये जीटी, पुन्हा जे. जे. आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज, म्हणून बाहेर पडले. सेंट जॉर्जला मात्र कधी पोस्टिंग झालं नाही, त्यामुळे तिथलं फक्त ऐकीव.

पहिली गोष्ट, जे. जे., सेंट जॉर्ज, जीटी आणि कामा ही समूहातली चार हॉस्पिटलं कोणी एका नकाशावर आखून बांधलेली नाहीत. चार वेगळ्या लोकांसाठी, वेगळ्या पैशांतून झाली आणि नंतर एका दावणीला आली.

जे. जे. सुद्धा मुळात दोन गोष्टी आहेत. 1826 मध्ये मुंबईत डॉ. मॅक्लेनन यांनी देशी भाषांतून वैद्यक शिकवायची शाळा काढली होती. ती सहा वर्षांत सरकारने बंद केली. पुढे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांनी पुन्हा कॉलेजची खटपट लावली, पण 1838 ला ते वारले. शहरातल्या लोकांनी त्यांच्या स्मारकासाठी वर्गणी काढली, त्यातून ग्रँट कॉलेज. आणि शिकायला पेशंट हवेत, तर हॉस्पिटलसाठी जमशेटजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले. पायाभरणी 1843 ची आणि दोन्ही सुरू झाली 1845 ला. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी अवाबाईंच्या पैशांतून माहीमचा कॉजवे झाला. या घराने त्या काळात मुंबईत काय काय केलंय ते बघितलं की थक्क व्हायला होतं. पैसा चीनच्या व्यापारातला, त्यात अफूही होती, हेही भाचीला सांगा. दगडी पाटीवर ते लिहिलेलं नसतं.

पहिल्या तुकडीतले भाऊ दाजी लाड, मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, 1851 ला पास झाले. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं म्युझियम आज त्यांच्याच नावाने आहे. प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी लस तयार केली तीही ग्रँट कॉलेजच्या एका कॉरिडॉरमध्ये, आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची त्यांच्या नावाची संस्था नंतरची. आम्हाला विद्यार्थिनी असताना हे कोणी शिकवलं नाही. एका जुन्या लॅब टेक्निशियनने चहाच्या वेळात सांगितलं होतं.

सेंट जॉर्ज म्हणजे युरोपियन जनरल हॉस्पिटल. गोरे साहेब, खलाशी यांच्यासाठी. किल्ल्याच्या जागेवर आहे, सीएसएमटीच्या मागे पी. डिमेलो रोडच्या बाजूने गेलात तर आवारात जुन्या तटाचा तुकडा अजून उभा आहे. जीटी म्हणजे गोकुळदास तेजपाल, भाटिया व्यापारी. 1885 ला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन ज्या संस्कृत पाठशाळेत भरलं तीही त्यांच्याच नावाची.

आणि कामा. त्याबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण माझा जीव तिथे आहे. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी पैसा दिला आणि 1886 ला ते सुरू झालं. फक्त बायका आणि मुलांसाठी, आणि चालवायचंही बाई डॉक्टरांनीच. एडिथ पेची पहिल्या प्रमुख. एडिनबर्गला बायकांना डॉक्टरकी शिकू देत नव्हते तेव्हा भांडलेल्या सात जणींपैकी एक. आपल्या रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या त्याही आधी थोडा काळ इथेच होत्या, मग सुरतेला गेल्या. ऑल्ब्लेस हे शेजारचं प्रसूतिगृह, तेही पारशी देणगीतलं, म्हणून पूर्ण नाव ‘कामा आणि ऑल्ब्लेस’.

आता चालतं कसं. माझ्या वेळी चारही हॉस्पिटलांच्या वर अधिष्ठाता, म्हणजे डीन, ते जे. जे.त बसायचे. बाकीच्या प्रत्येक हॉस्पिटलला वैद्यकीय अधीक्षक. नर्सिंगची उतरंड वेगळी: अधिसेविका, म्हणजे मेट्रन, मग आमच्यासारख्या इन्चार्ज, मग स्टाफ. आणि डॉक्टरांचं सगळं युनिटवर. एका युनिटला एक बॉस, दोन-तीन लेक्चरर, बाकी रेसिडेंट. युनिटला ओपीडीचा दिवस ठरलेला, ऑपरेशनचा ठरलेला आणि इमर्जन्सीचा ठरलेला. ज्या युनिटची इमर्जन्सी, त्या दिवशी कॅज्युअल्टीतून वर येणारं सगळं त्यांच्या माथी. खाटा संपल्या की पेशंट खाली गादीवर. आमच्या रजिस्टरमध्ये ‘फ्लोअर 1, फ्लोअर 2’ अशी नोंद होते, आणि सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला बांधायची कला कोणत्याही पुस्तकात नसते. तुमची भाची शिकेल ती याच दिवशी. बाकीचे सहा दिवस त्याची उजळणी.

समूह असल्याचा खरा उपयोग कुठे कळतो? कामाला बाळंतपणात झटके आलेली बाई असायची, लघवी बंद, डायलिसिस लागणार. ते जे. जे.ला. मग ट्रान्सफर समरी लिहा, तिकडच्या युनिटला फोन करा, रक्ताची बाटली जे. जे. महानगर रक्तपेढीतून लागेल तर तिथेही कळवा, एक रेसिडेंट आणि एक स्टाफ ॲम्ब्युलन्समध्ये बसवा. 2002 ला जे. जे.चा उड्डाणपूल झाला त्याआधी मोहम्मद अली रोडवरून जावं लागे. रमजानच्या रात्री तो रस्ता काय असतो ते मुंबईकराला सांगायला नको. एकदा मिनारा मशिदीपाशी गाडी अडकली, तर मालपुव्याच्या स्टॉलवरची पोरं पुढे पळत रस्ता मोकळा करत गेली. मी मागे पेशंटच्या दातांत पॅडिंग धरून बसलेले. ती बाई जगली, मूलही. पूल झाला तेव्हा आमच्या ड्रायव्हरमामांनी वॉर्डात पेढे वाटले होते.

आता मालकाचा फरक. राज्य सरकारचे प्राध्यापक बदलीचे. आज जे. जे.त, उद्या अंबेजोगाई, सोलापूर, नांदेड, मिरज. नवीन कॉलेजची तपासणी आली की रातोरात माणसं तिकडे हलवायची, कोणत्या कॉलेजात ते विचारू नका. महापालिकेचा प्राध्यापक मुंबईतच राहतो, फार तर परळहून सायनला. त्यामुळे तिकडे एकेक बॉस वीस-पंचवीस वर्षं एकाच विभागात मुरलेला सापडतो. याला दोन बाजू आहेत, पण शिकणाऱ्याला मुरलेला माणूस मिळालेला बरा, असं माझं मत.

खरेदीचंही तसंच, मालक बदलला की टेबल बदलतं. 1986 मध्ये जे. जे.त मेंदूवरचा आणि डोळ्यातला दाब कमी करायला द्यायच्या ग्लिसरॉलमध्ये कारखान्यात वापरायचं विषारी द्रव्य निघालं आणि 14 पेशंट गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. त्यांनी औषध कसं खरेदी झालं, कोणी तपासलं, कोणी नाही, हे सगळं खणून काढलं. त्यानंतर आमच्या पिढीच्या सिस्टरांना बाटली फोडण्याआधी बॅच नंबर वाचायची सवय लागली ती सुटली नाही. घरी खोकल्याच्या औषधाचाही वाचते मी, सुना हसतात.

आणि तुमचा मूळ प्रश्न: 2024 पासून जीटी आणि कामाला जोडून वेगळं सरकारी कॉलेज निघालं, 50 जागांचं. तेच यादीतलं दुसरं. पिन कोडाने शेजारी, पण ग्रँट नव्हे.

सायनकर_आजोबा

सिस्टर, वाचून मजा आली. महापालिकेच्या दोघांबद्दल थोडं. नायर हे मुळात असहकाराच्या काळातलं. 1921 ला राष्ट्रीय शिक्षणाच्या लाटेत नॅशनल मेडिकल कॉलेज निघालं, मग डॉ. नायर यांनी आईच्या नावाने हॉस्पिटल दिलं. बी. वाय. एल. म्हणजे बाई यमुनाबाई लक्ष्मण. 1946 ला टोपीवाले देसायांची देणगी आली आणि महापालिकेने ताब्यात घेतलं. आमचं सायन सर्वांत गरीब घरचं. युद्धानंतरच्या लष्करी बराकींत सुरू झालं, कॉलेज 1964 चं. पण आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी 1989 ला इथेच, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्यामुळे. धारावी बाजूला असल्यावर कमी दिवसांची बाळं किती येत असतील याचा अंदाज करा.

घाटकोपरचा_मामा

सिस्टर, आजोबा, रात्रपाळीवाले, सगळ्यांचे आभार. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘म्हणजे सगळी शेटजींचीच’. भाचीचा प्रश्न: ग्रँट वर टाकू की केईएम? आणि बॉण्डचं काय?

परळचा_रात्रपाळीवाला

मला विचारून काय उपयोग, मी केईएमच म्हणणार. बॉण्ड दोन्हीकडे आहे: एमबीबीएसनंतर एक वर्ष सेवा. आणि एक गोष्ट जे. जे.च्या बाजूने, शत्रूपक्षाचा असूनही सांगतो. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची चित्रं ज्याने काढली तो हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. 1858 ला ते पुस्तक लंडनला बाहेर पडलं तेव्हा हा गडी मुंबईत येऊन ग्रँट कॉलेजात शरीरशास्त्र शिकवत होता. पहिल्या वर्षी डिसेक्शनला कंटाळा आला की आठवू दे.

निवृत्त_सिस्टर

मार्क पुरत असतील तर दोन्ही लागोपाठ टाका, एक-दोनच्या क्रमाने काही जग बुडत नाही. मला विचाराल तर केईएम आधी, कारण वर सांगितलंच. जे. जे.ची मुलं मला शिव्या घालतील, घालू देत.

घाटकोपरहून दोन्हीकडे लोकलने जाता येतं, पण पहिल्या वर्षी हॉस्टेल मिळालं तर घ्याच. तिसऱ्या वर्षानंतर रात्रीच्या इमर्जन्सीला थांबावंसं वाटेल आणि शेवटची गाडी चुकेल. फॉर्म भरताना नाव वाचून टिक करू नका, कॉलेजचा कोड बघा. ‘ग्रँट’ आणि नुसतं ‘गव्हर्नमेंट’ यात गल्लत करणारे तुम्ही पहिले नाही. आणि कामाला कधी पेशंट म्हणून कोणाला आणायचं झालं तर आधारकार्ड आणि आधीचे सगळे कागद एका पिशवीत आणा, सोनोग्राफीची फिल्म घडी न घालता.