'रिसेप्टर'साठी 'ग्राहक' की 'ग्राही'?

शब्दवेल: फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी माहितीपत्रकाचा अनुवाद करताना मी 'इजीएफआर'साठी (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे, वाढीचा संदेश घेणारे प्रथिन) 'बाह्यत्वचा वृद्धिघटक ग्राहक' असे लिहिले. एका रुग्णाच्या मुलीने विचारले, की आजार फुप्फुसाचा असताना त्वचा कुठून आली, आणि हा ग्राहक कोण? 'ग्राही' लिहिल्याने भागेल का?

जुनी वही: 'ग्राही'च लिहावे. दोन्ही शब्द 'ग्रह्' धातूचे; पण 'ग्राहक'चे 'गिऱ्हाईक' झाले आणि तो बाजाराचा झाला. त्वचेचे म्हणाल, तर जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथींतून काढलेल्या द्रव्याने, म्हणजे याच वृद्धिघटकाने, नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडत, कारण पापण्यांच्या त्वचेची वाढ लवकर होई. या कामासाठी त्यांना १९८६ चे नोबेल मिळाले, आणि नावात त्वचा राहिली.

पेशीपुराण: मला 'घटक' अधिक खटकतो. घटक म्हणजे मिश्रणाचा भाग. इथे वाढ घडवणारे प्रथिन आहे, म्हणून 'वृद्धिकारक' हवे. शिवाय ग्राही म्हणजे घेणारा. पण ज्याच्या जनुकातल्या 'एक्झॉन १९' या भागाचा तुकडा गळाला आहे, असा ग्राही बाहेरून काहीही न घेता पेशीला वाढण्याचा संदेश देत राहतो. जेफिटिनिब किंवा ओसिमर्टिनिब या इजीएफआरवरच्या औषधांची गोळी त्याच्या बाहेरच्या टोकाला जात नाही, तर पेशीच्या आत, एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू बसतो त्या खाचेत जाऊन बसते. त्यामुळे 'ग्राही बंद करणारी गोळी' या शब्दांनी दाराला कुलूप लावल्याचे जे चित्र उभे राहते, ते चुकीचे आहे.

घाटमाथा: माझे वडील ही गोळी घेत असत. आम्हाला दिलेल्या कागदावर 'लक्ष्यवेधी उपचार' असे होते, म्हणून ती फक्त गाठीवरच काम करते असे आम्ही धरून चाललो. चेहऱ्यावर मुरमांसारखे पुरळ आले, तेव्हा औषध सोसत नाही असे समजून त्यांनी आठवडाभर कोणालाही न सांगता गोळी बंद ठेवली. तेच ग्राही त्वचेतही असतात, हे आम्हाला फार उशिरा कळले.

जुनी वही: तो दोष शब्दाचा नव्हे, समजावून न सांगण्याचा आहे. 'लक्ष्यित उपचार' हे मात्र सरळ अशुद्ध आहे, कारण लक्ष्य ग्राही आहे, उपचार नव्हे.

घाटमाथा: शुद्ध शब्दानेच आमची दिशाभूल झाली. घरात आम्ही 'टार्गेटेडची गोळी' म्हणत असू, आणि औषधाच्या दुकानातही तेच चाले.

शब्दवेल: तपासणीच्या अहवालावरही 'इजीएफआर' एवढेच छापलेले असते, आणि रुग्णाला तोच कागद पुढच्या डॉक्टरांना दाखवायचा असतो. पण त्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही.