मदत हवी आहे: नर्सिंग होमची नाइट सोडायची आहे, नोटीस किती दिवसांची?

निशाचर: घाईत लिहितेय. नोकरी सोडायची आहे, या महिन्यातच. मॅडम म्हणतात तीन महिन्यांची नोटीस द्या, नाहीतर पगार मिळणार नाही. असं करता येतं का? आज सलग अकरावी नाइट. दिवसा डोळा लागत नाही, कंबर कामातून गेलीय. प्लीज लवकर सांगा.

पेठी: नर्सिंग होम म्हणजे बाळंतपणाचं का? अपॉइंटमेंट लेटरमध्ये काय लिहिलंय ते न सांगता आम्ही काय कपाळ सांगणार?

निशाचर: नाही हो, म्हाताऱ्या माणसांचं. केअर सेंटर. लेटर दिलेलंच नाही.

निवृत्त मेट्रन: एएनएम की जीएनएम, नर्सिंगचा कुठला कोर्स? पेशंट किती?

निशाचर: जीएनएम. रात्री 24 पेशंट, मी आणि एक मावशी. त्यातले 9 जण अंथरुणाला खिळलेले. दर दोन तासांनी कूस बदलायची, मध्येच कुणाचं डायपर, कुणी नाकातली जेवणाची नळी (रायल्स ट्यूब) ओढून काढलेली. शेवटच्या खाटेपाशी पोचतो तोवर पहिल्याची वेळ झालेली असते.

निवृत्त मेट्रन: नर्सिंग कौन्सिलचा निकष 5 पेशंटमागे एक नर्स असा आहे. लेखी तक्रार करा.

पेठी: तो हॉस्पिटलचा. केअर सेंटरला कोण विचारतंय? तक्रार केली की यांनाच घरी बसवतील.

निवृत्त मेट्रन: अशा बोलण्यानेच पोरी गप्प बसतात. 31 वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी, कुणाला घाबरले नाही.

पेठी: सरकारी नोकरीत होतात ना? मग बरोबर.

आजीचा बटवा: झोपताना तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासा. गाढ झोप लागते.

कोकणकडा: हे सगळं सोडा, जर्मनीला जा. 2024 मध्ये आपल्या सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केलाय.

सांगलीकर: माझी बहीण आहे तिकडे. बी2 लेव्हलपर्यंत जर्मन शिकताना रडकुंडीला आली होती. शिवाय अंघोळ, डायपर तिथे नर्सनेच करायचं, मावशी नसते. कंबर तीच राहणार.

मिसळप्रेमी: ताई, तुमच्याकडे महिन्याची फी किती? आईसाठी बघतोय.

हिशेबनीस: ईएसआय (कामगार विमा) कापतात का? पगार 21,000 पर्यंत असेल आणि कापत असतील, तर आधी ईएसआयच्या डॉक्टरांना कंबर दाखवा. पुरेसे दिवस भरले असतील तर आजारी रजेत 70 टक्के पगार मिळतो, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. आणि लेखी काहीच नाही तर तीन महिने आणले कुठून? राजीनामा मेलवर द्या, तारीख राहते. केलेल्या कामाचा पगार अडवता येत नाही.

निशाचर: कापतात, कार्ड शोधते. पण ओरिजिनल सर्टिफिकेट त्यांच्याकडे आहेत.

हिशेबनीस: हे आत्ता सांगताय?? आधी ते काढा. रजिस्ट्रेशनच्या कामाला हवेत म्हणा. हातात आले की मग मेल.

सांगलीकर: एक विचारू? इतकं असून दीड-दोन वर्षं तरी काढलीच असतील ना, कशी?

निशाचर: पावणेदोन. आठ नंबरचे आजोबा एसटीत कंडक्टर होते. पहाटे चारला उठून बसतात, "बेबी, कुठं उतरायचं?" स्वारगेट म्हटलं की हवेतच तिकीट फाडून हातात देतात आणि झोपतात. दुसरं गाव सांगितलं तर सुट्टे मागत बसतात. नवीन सिस्टरला हे सांगून जावं लागेल. चला, ड्यूटीची वेळ झाली.

मिसळप्रेमी: फी राहिलीच.

निशाचर: 28 हजार, डायपर वेगळे. मला 17 मिळतात.