मदत हवी आहे: थोरल्याचं ऑनलाइन चालतं, धाकटीचं का नाही?

चिमणीघर:
नमस्कार मंडळी. दोन रविवार या एकाच भानगडीत गेले, आता हात टेकले.

घरात एक निन्टेंडो स्विच आहे (गेम खेळायचं मशीन), पहिल्या पिढीतला. थोरला १२ वर्षांचा, धाकटी ८ची. माझ्या भावाकडेही स्विच आहे, भाचा ९ वर्षांचा. भाऊ लांब राहतो, पोरांची गाठ वर्षातून कशीबशी एकदा पडते. म्हणून ठरलं की रविवारी सकाळी तिघांनी मिळून माइनक्राफ्ट खेळायचं, तो ठोकळ्यांचं जग बांधायचा गेम. ऐकायला किती सोपं!

थोरल्याचं अकाउंट दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने घाईघाईत उघडलं होतं, निन्टेंडोची ऑनलाइन मेंबरशिपही त्यानेच घेतलेली. धाकटीचं मी मागच्या आठवड्यात नीट बसून उघडलं, खरी जन्मतारीख टाकून. निन्टेंडोचं एक आणि गेममध्ये लागतं म्हणून मायक्रोसॉफ्टचं एक. थोरला भाच्याच्या जगात लगेच शिरतो. धाकटीने तेच बटण दाबलं की पाटी येते: तुमचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट ज्या पद्धतीने सेट केलंय त्यामुळे ऑनलाइन मल्टिप्लेयर (म्हणजे इतरांबरोबर) खेळता येणार नाही, अशा अर्थाची. पुढे काय करायचं ते पाटी सांगत नाही.

फोनवरचं निन्टेंडोचं पालकांसाठीचं ॲप उलटसुलट करून पाहिलं. तिथे सगळं मोकळं दिसतं. घोडं नक्की कुठे पेंड खातंय?

नवरा म्हणतो, तिचंही वय वाढवून टाक, पाच मिनिटांचं काम. मला ते पटत नाहीये, पण धाकटी दर तासाला विचारतेय, त्यामुळे माझाही धीर सुटत चाललाय.

पिक्सेलपंत:
"तिचंही" म्हणजे? ताई, आधी थोरल्याच्या अकाउंटमध्ये जन्मसाल काय टाकलंय ते बघून सांगा. माझा अंदाज आहे, पण तुम्ही बघाच.

चिमणीघर:
बघितलं. नवऱ्याने स्वतःचं जन्मसाल टाकलंय. म्हणजे आमचं १२ वर्षांचं पोर कागदोपत्री ४१ वर्षांचं आहे. दोन्हीकडे, निन्टेंडोतही आणि मायक्रोसॉफ्टमध्येही. विचारलं तर म्हणाला, "ते सालाचं चाक खालीवर फिरवायचा कंटाळा आला होता."

पिक्सेलपंत:
झालं तर मग. तुमचं धाकटीचं अकाउंट बिघडलेलं नाही, उलट तेच एक बरोबर उघडलंय. मोठ्या माणसाला कुणी अडवत नाही म्हणून थोरला सुखाने आत जातो.

तुम्ही चुकीच्या दाराची किल्ली शोधताय. माइनक्राफ्ट स्विचवर असलं तरी दुसऱ्या घरातल्या माणसाबरोबर खेळताना ते मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतं, आणि त्या अकाउंटची कुलपं एक्सबॉक्सच्या सेटिंगमध्ये असतात. एक्सबॉक्स हे मायक्रोसॉफ्टचं गेम मशीन, ते घरात नसलं तरी. निन्टेंडोच्या ॲपला त्याचा पत्ताच नाही. प्लेस्टेशनवाल्यांनाही (ते सोनीचं मशीन) हीच पाटी दिसते आणि तेही अशीच सगळी सेटिंगं धुंडाळत बसतात.

आता असं करा. कॉम्प्युटरवर किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये एक्सबॉक्सच्या साइटवर जा आणि तुमच्या स्वतःच्या अकाउंटने लॉगइन करा, धाकटीच्या नाही. इथेच निम्मे लोक चुकतात. मुलाच्या अकाउंटने आत गेलं तर सेटिंग दिसतात, पण बदलता येत नाहीत. प्रायव्हसी आणि ऑनलाइन सेफ्टीचं पान उघडलं की तुमच्या फॅमिली ग्रुपमधली नावं दिसतील, त्यात धाकटीचं नाव निवडा. नाव दिसलं नाही तर ती मायक्रोसॉफ्टच्या ग्रुपमध्ये अजून आलेली नाही, आधी तिला तिथे जोडा. निन्टेंडोचा फॅमिली ग्रुप वेगळा, मायक्रोसॉफ्टचा वेगळा, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मग ऑनलाइन सेफ्टीच्या भागात मल्टिप्लेयर गेममध्ये सामील होण्याला परवानगी द्या, आणि एक्सबॉक्सबाहेरच्या लोकांशी खेळण्यालाही द्या. हे दुसरं लोक विसरतात. भाचा स्विचवर आहे, म्हणजे तो "बाहेरचा"च. बोलणं आणि मेसेज यासाठी मात्र "फक्त मित्र" ठेवा. खाली सबमिटचं बटण दाबल्याशिवाय काहीही जतन होत नाही, हे मी तीनदा तेच सेटिंग बदलल्यावर शिकलोय. शेवटी गेममधून धाकटीचं मायक्रोसॉफ्ट अकाउंट साइन आउट करा, गेम पूर्ण बंद करा आणि पुन्हा साइन इन करा. नाहीतर जुनीच पाटी येत राहते.

रातकिडा:
पंतांनी दार दाखवलं, पण त्याच्या आत अजून एक दार आहे. चिमणीघर, तुमची ऑनलाइन मेंबरशिप वैयक्तिक आहे की फॅमिली? थोरल्याच्या अकाउंटवर वैयक्तिक घेतली असेल तर ती त्याच्यापुरतीच. एकाच स्विचवर खेळत असले तरी दुसऱ्या यूजरला ती लागू होत नाही.

प्लेस्टेशनवर हे वेगळं आहे, म्हणून गोंधळ होतो. तिथे पीएस५वर (म्हणजे प्लेस्टेशन ५) कन्सोल शेअरिंग चालू ठेवलं की मोठ्याची प्लस मेंबरशिप त्या मशीनवरच्या सगळ्यांना ऑनलाइन खेळायला पुरते. एक्सबॉक्सवरही एक मशीन "होम एक्सबॉक्स", म्हणजे घरचं मुख्य मशीन, म्हणून ठरवलं की तसंच. निन्टेंडोत मेंबरशिप माणसाला चिकटते, मशीनला नाही.

चिमणीघर:
वैयक्तिकच निघाली. 😑 मग आता धाकटीसाठी अजून एक घ्यायची?

रातकिडा:
दोनच मुलं असती तर तेही चाललं असतं. पण तुम्ही भावासकट विचार करा. निन्टेंडोच्या फॅमिली ग्रुपमध्ये ८ अकाउंट बसतात आणि फॅमिली मेंबरशिप त्या आठांनाही चालते, मग स्विच एक असो की तीन. तुम्ही, नवरा, दोन पोरं, भाऊ, वहिनी, भाचा, झाले सात. एक जागा उरतेच. भाऊ आणि वहिनीला गटात पालक म्हणून घ्या, म्हणजे भाच्याचं नियंत्रण त्यांच्या हातात राहील. फक्त दोन गोष्टी. एक अकाउंट एका वेळी एकाच गटात राहू शकतं, आणि फॅमिली मेंबरशिप १२ महिन्यांचीच मिळते, १ किंवा ३ महिन्यांची नाही. आपोआप नूतनीकरण चालू असतं, नको असेल तर घेतल्याघेतल्याच बंद करून टाका.

तोवर रविवार वाया घालवायचा नसेल तर मारिओ कार्ट ८ डिलक्स हा शर्यतीचा गेम असेल तर बघा. त्यात एकाच स्विचवरून दोघांना मिळून ऑनलाइन जाता येतं, दुसरा पाहुणा म्हणून खेळतो. थोरल्याच्या मेंबरशिपवर धाकटी शर्यतीत बसेल.

पिक्सेलपंत:
हे एकदम पटलं, मला सुचलं नव्हतं.

वय वाढवण्याबद्दल मात्र दोन शब्द बोलू द्या. मुलांच्या अकाउंटवर बंधनं घालताना धरतात तो १३ वर्षांचा आकडा कंपन्यांनी उगीच काढलेला नाही. अमेरिकेत १९९८ साली कोप्पा नावाचा कायदा झाला. १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती ऑनलाइन घ्यायची तर आधी पालकाची संमती हवी, असं तो सांगतो. म्हणून इतकी अडथळ्यांची शर्यत. खोटं साल टाकलं की शर्यत संपते खरी, पण सोबत पालकाचा हातही सुटतो. थोरल्याला कोण मेसेज करतंय, तो काय विकत घेतोय, यातलं काहीही तुम्हाला तुमच्या अकाउंटवरून ठरवता येत नाही. दाढीमिशी आल्याशिवाय मोठं झालेलं पोर आहे ते.

चिमणीघर:
हे वाचून दाखवल्यावर नवरा गप्प झाला. मग थोरल्याचं आता उडवून नवीन उघडू का?

पिक्सेलपंत:
नका! निदान आज तरी नको. स्विचवरचा यूजर उडवला की त्याचा सेव्ह डेटाही (साठवलेला खेळ) जातो आणि दोन वर्षांचं बांधकाम एका बटणावर साफ होईल. डिजिटल घेतलेले गेमही अकाउंटलाच बांधलेले असतात. आधी मायक्रोसॉफ्टचं बघा, तिथे प्रोफाइलच्या पानावरून जन्मतारीख दुरुस्त करता येते. खरं वय टाकलं की ते पालकाची संमती मागेल, तुम्ही द्या. मग धाकटीचीच सेटिंगं त्यालाही लावा. निन्टेंडोचं सावकाश, त्यांच्या मदत विभागाला विचारून.

अवखळ:
एक खबरदारी. स्विचवर वेळेची मर्यादा लावाल तर ती अख्ख्या मशीनला लागते, एकट्या मुलाला नाही. मी मुलीसाठी दिवसाला १ तास ठेवला. रात्री अकराला मी स्वतः शेवटच्या लढाईत असताना "आजचा वेळ संपला" अशी पाटी आली. पिन तिच्या आईला माहीत, ती झोपलेली. उठवलं नाही. 🙂

आणि बोलण्याची काळजी असेल तर सांगतो, माइनक्राफ्टमध्ये एकमेकांशी आवाजात बोलायची सोय मुळात नाहीच. फोनवर भावाला व्हिडिओ कॉल लावा, स्पीकर चालू करून फोन टेबलावर उभा करा. आमच्याकडे भावंडं असंच खेळतात. आपल्यालाही ऐकू येतं कोण कुणाच्या घराला आग लावतंय ते.

चिमणीघर:
मंडळी, झालं एकदाचं!

एक्सबॉक्सच्या पानावर धाकटीचं नाव दिसतच नव्हतं. मी तिला निन्टेंडोच्या ग्रुपमध्ये घातलं होतं आणि समजत होते की झालं. मायक्रोसॉफ्टमध्ये जोडलं, दोन्ही परवानग्या दिल्या. आणि हो, पहिल्या खेपेला सबमिट दाबायला विसरलेच. पंत, तुमचीच आठवण आली. फॅमिली मेंबरशिप घेतली, भाऊ-वहिनीही गटात आले. आज सकाळी तिघं एका जगात होते. धाकटीने पहिलं काय केलं असेल, तर थोरल्याच्या घरासमोर भलामोठा खड्डा खणला आणि तो पडेपर्यंत फोनमध्ये हसू दाबत बसली.

थोरल्याचं मायक्रोसॉफ्टचं वय दुरुस्त केलंय. तो फुरंगटलाय, कारण आता मित्र जोडायला मला विचारावं लागतं. निन्टेंडोचं काम बाकी आहे.

आठवी जागा माझ्या बाबांना दिली. त्यांचा फ्रेंड कोड (स्विचवर मित्र जोडायचा नंबर) ते मला फोनवर वाचून दाखवत होते, एसडब्ल्यू आणि पुढे १२ आकडे. सातव्या आकड्यावर चष्मा शोधायला गेलेत, अजून लाइनवर आहे मी.